दर दोन तासांनी सुट्टी

आत्या: साडेआठ ते दहा, गणित. लिहिलं. पुढे सांग.

आई: दहा ते सव्वादहा, सुट्टी. आणि रेघ पट्टीनं ओढा हो ताई. त्या ऑफिसातल्या बाई फार चिकित्सक आहेत. मागच्या वर्षी माझं अक्षर बघून म्हणाल्या, आईच असं लिहिते तर मुलगी घरी बसून काय शिकणार. उद्या शेवटची तारीख आहे. फॉर्म परत आला तर पुढच्या वर्षी घरी शिकवायची परवानगी गेलीच म्हणून समजा.

आत्या: मला नको शिकवूस रेघा ओढायला. बावीस वर्षं वॉर्डात चार्ट भरतेय. डॉक्टरांचं अक्षर वाचून वाचून माझं आपोआप सुधारलंय. चल, सव्वादहापासून.

आई: सव्वादहा ते बारा, विज्ञान आणि परिसर. त्यातच अकरा ते साडेअकरा, चालता चालता भूगोल.

आत्या: हे काय नवीन काढलंस? चालता चालता भूगोल?

आई: हसू नका. आपल्या गल्लीला दोन फेऱ्या मारायच्या. दिशा, सावल्या, चढ-उतार, सगळं डोळ्यांनी बघून शिकायचं. गेल्या महिन्यात तिनं अख्ख्या गल्लीचा नकाशा काढलाय, पावलं मोजून. कुठली पायरी तुटलीय, कुठे बसायला कठडा आहे, कुणाचं कुत्रं बांधलेलं नसतं, सगळं त्यात आहे. दाखवते तुम्हाला थांबा.

आत्या: राहू दे, नंतर बघते. पुढे?

आई: बारा ते सव्वाबारा सुट्टी. सव्वाबारा ते एक भाषा. एक ते दोन जेवण आणि आवराआवर. दोन ते सव्वादोन सुट्टी.

आत्या: तासभर जेवून झाल्यावर परत सुट्टी?

आई: पंधराच मिनिटांची. छोटी.

आत्या: छोटी असली तरी ती कशातून घ्यायची? जेवणातून?

आई: तुम्ही लिहा ना. सव्वादोन ते साडेतीन चित्रकला किंवा हस्तकला. साडेतीन ते चार मोठ्यानं वाचन. चारला सुट्टी. मग सव्वाचारपासून इतिहास, गोष्टीरूप. सहाला संपलं.

आत्या: सहाला सुट्टीच ना?

आई: सहाला काय, दिवसच संपला.

आत्या: दहा, बारा, दोन, चार, सहा.

आई: हो. एकसारखं आहे म्हणून तर जमलंय. अहो, माझ्या नाकी नऊ आले होते हे बसवताना. तुम्हाला वाटत असेल मुलगी घरी शिकते म्हणजे मज्जा. हे तिसरं वेळापत्रक आहे. पहिलं मी शाळेसारखंच केलं होतं, पस्तीस मिनिटांचा एकेक तास आणि मोबाइलवर घंटा. ते पंधरा दिवसांत मोडलं. घंटा वाजली की तुमचे अण्णा उठून दाराकडे जायचे, कोण आलंय बघा म्हणायचे. दिवसातून आठ वेळा दार उघडून दाखवावं लागायचं की बाहेर कुणी नाही.

आत्या: आणि दुसरं?

आई: दुसरं मी एका बाईंकडून घेतलं, त्यांची तिन्ही मुलं घरीच शिकलीत. त्या म्हणाल्या, मुलांचे तुकडे पाडू नका, एक दिवस एकच विषय द्या. सोमवारी फक्त गणित, मंगळवारी फक्त चित्र, असं. आपल्या मुंगीला ते भयंकर आवडलं. मंगळवारी जी चित्राला बसायची ती मान वर करायची नाही. तुम्हाला सांगते, चार-चार तास. कोळ्याचं एक जाळं काढलं होतं तिनं, एकेक धागा. मी दातांच्या लॅबमधून आले तरी तिला पत्ता नाही.

आत्या: मग ते का सोडलंस?

आई: कसं चालणार? ती तिकडे रमलेली आणि इकडे अण्णांनी... एका मंगळवारी मी आले तर चादर, गादी, सतरंजी, सगळं धुवायला काढावं लागलं. ते बिचारे कोपऱ्यात उभे, ओल्या कपड्यांनी. कुणाला सांगावं तेही त्यांना आठवेना. मुंगी इतकी रडली ना त्या दिवशी. म्हणाली, मला ऐकूच आलं नाही. मग मी कानाला खडा लावला. एवढं तासन्‌तास गढून जाणं आपल्या घराला परवडणारं नाही. म्हणून हे तिसरं. आणि काय सांगू, घर शांत झालं. गेले पाच महिने एकदाही सतरंजी धुतली नाही मी.

आत्या: हं.

आई: पेन का ठेवलंत?

आत्या: हात दुखला.

आई: ताई, तुमचा हात नाही दुखत. अठ्ठेचाळीस पेशंटचे चार्ट भरता म्हणून तुम्हीच सांगता.

आत्या: बरं, मग खरं सांगते, रागावू नकोस. मी मघापासून हे उतरवून घेतेय आणि माझा हात आपोआप चाललाय. शाळेचं वेळापत्रक लिहिताना माझा हात असा चालायचं काही कारण नाही. मी आयुष्यात कधी शाळेचं वेळापत्रक लिहिलेलं नाही.

आई: म्हणजे काय?

आत्या: म्हणजे हे मी रोज लिहिते. दर दोन तासांनी पेशंटला न विचारता बाथरूमला न्यायचं. अकराला, गोळीनंतर, अर्धा तास चालवायचं. साडेतीनला, ऊन उतरायला लागलं की असे पेशंट अस्वस्थ होतात, घरी जायचंय म्हणतात, तेव्हा शेजारी बसून कुणीतरी एका सुरात बोलत राहायचं. तू त्याला मोठ्यानं वाचन म्हणतेस. हे मुंगीचं नाही गं. अण्णांचं आहे.

आई: काहीतरीच काय. विषय बघा ना, गणित आहे, विज्ञान आहे...

आत्या: विज्ञानात काय चाललंय सध्या?

आई: शरीर. रक्ताभिसरण. ती रोज अण्णांचा रक्तदाब घेते आणि त्याचा आलेख काढते. त्यात गणितही झालं. ऑफिसातल्या बाईंना तो आलेख इतका आवडला होता.

आत्या: आणि हस्तकला?

आई: अण्णांच्या शर्टांना बटणांऐवजी वेल्क्रोच्या पट्ट्या लावल्या तिनं, सगळ्या शर्टांना, स्वतःच्या हातानं... ताई, तुम्ही असं एकेक काढत बसलात तर काय, कशातूनही काहीही निघेल.

आत्या: नकाशात तुटकी पायरी आहे, बसायचा कठडा आहे. अकरा वर्षांच्या मुलीला गल्लीत बसायला कठडा कशाला लागतो?

आई: मी मुद्दाम नाही केलं हे.

आत्या: मुद्दाम कोण म्हणतंय.

आई: दर दोन तासांचं तुम्हीच सांगितलं होतंत. मी फोन केला होता, रडत होते, तर तुम्ही म्हणालात, घड्याळ लावून ने, वाट बघू नकोस.

आत्या: सांगितलं होतं. तुला सांगितलं होतं.

आई: मी घरी नसते त्या वेळेला.

आत्या: तेच म्हणतेय. तू साडेआठला निघतेस.

आई: साडेआठ ते साडेबारा. मोजून चार तास. आज या फॉर्मसाठी म्हणून रजा घेतली. लॅब सात मिनिटांवर आहे ताई, हाक मारली तर... बरं, हाक नाही ऐकू येणार, फोन केला तर मी हातातली कवळी टाकून धावत येते. दोनदा आलेय अशी. एकदा तर दातांचा साचा हातात तसाच, रस्त्यावरची पोरं घाबरली.

आत्या: मग साडेआठचं गणित कोण घेतं?

आई: ती स्वतः करते. मी आल्यावर तपासते. हुशार आहे ती, चुका फार नसतात.

आत्या: ऐक जरा.

आई: काय?

आत्या: बारा वाजले. बाहेर ऐक.

आई: मुंगी बोलतेय अण्णांशी. फेऱ्या मारून आलेत ना दोघं.

आत्या: काय म्हणाली?

आई: ऐकलंत की तुम्ही.

आत्या: तू सांग.

आई: "चला आजोबा, सुट्टी झाली."

आत्या: आता बाथरूमचा दिवा लागला. आता नळ. बघ. सुट्टी कुणाची झाली, तूच सांग मला.

आई: ताई, थोडं पाणी द्या.

आत्या: घे. हळू.

आई: आपण तिला याच्यासाठी घरी ठेवलं नव्हतं. तुम्हाला माहितीये. तो सांध्यांचा ताप आला, चार महिने अंथरुणात होती, डॉक्टर म्हणाले वर्षभर धावपळ नको, जिने नकोत. तेव्हा मी लॅबचं काम घरी आणायचे. हिच्या पलंगाला टेकून मी कवळ्या घासायची आणि ती अपूर्णांक सोडवायची. फार छान होते ते दिवस, कुणाला खरं वाटणार नाही. मग फेब्रुवारीत अण्णा आले. मग लॅबनं सांगितलं, काम घरी देणं बंद, यायचं असेल तर या.

आत्या: आणि डॉक्टरांनी शाळेचं काय सांगितलं?

आई: जूनमध्येच म्हणाले, पाठवा आता.

आत्या: हे मला कुणी बोललं नाही.

आई: घरात तरी कुठे बोललो आम्ही? त्या दिवशी दवाखान्यातून आलो. मी म्हटलं, तिचं घरचं इतकं छान बसलंय, मध्येच कशाला मोडायचं, वर्ष पुरं करू. तुमचे भाऊ म्हणाले, हो, मस्त चाललंय की. झालं. कुणी ठरवलं असं नाहीच. तुम्ही मला विचारलंत की मुलीला म्हाताऱ्यासाठी घरी बसवलंस का, तर मी देवाशपथ नाही म्हणेन, आणि खरंच सांगत असेन.

आत्या: माझ्या भावाचं तर काही विचारूच नकोस. बंद पडलेल्या लिफ्टमधून रोज माणसं बाहेर काढतो. घरात पोर अडकलीय ते त्याला दिसत नाही.

आई: त्यांना नावं ठेवू नका. ते सकाळी सातला जातात, अण्णांची दाढी करून, आंघोळ घालून जातात. तुम्ही काय करता? सहा महिन्यांत तीनदा आलात. आलात की फळं आणता, अण्णांची नखं कापता, मला चार गोष्टी शिकवता आणि ड्यूटी आहे म्हणून निघता. वडील तुमचे आहेत. मी परक्या घरून आलेय आणि माझी मुलगी त्यांचे कपडे बदलते. आणि तुम्ही मला पेन ठेवून दाखवता.

आत्या: बोल. चुकीचं काही नाही बोललीस.

आई: मला बोलायचं नव्हतं असं.

आत्या: बोलायलाच हवं होतंस, फेब्रुवारीतच. मी तुला सांगते, मी काय म्हटलं होतं तेव्हा. माझं क्वार्टर एका खोलीचं आहे, माझ्या पाळ्या बदलतात, शेजारी कुणी नाही. सगळं खरं आहे. पण क्वार्टर दोन खोल्यांचं असतं तरी मी काहीतरी शोधलं असतं. मला नको होते ते घरी. दिवसभर तेच करायचं आणि कुलूप उघडून परत तेच. तू हो म्हणालीस तेव्हा मी बसमध्ये बसून सुटकेनं रडले होते. आणि तू हो म्हणालीस म्हणजे कोण करणार, हे मी विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं.

आई: ताई.

आत्या: थांब, बोलू दे. मी नऊ वर्षांची होते तेव्हा आमची आजी अंथरुणाला खिळली. मला काही कुणी शाळेतून काढलं नाही. फक्त मधल्या सुट्टीत घरी यायचं, आजीला भांडं द्यायचं, पाणी पाजायचं, कूस बदलायची आणि पळत परत जायचं. चार वर्षं. बाकीच्या मुली मधल्या सुट्टीत काय खेळायच्या ते मला आजतागायत माहीत नाही. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे, पोरीच्या अंगातच सेवा आहे. मग काय, सगळे म्हणाले नर्सच कर हिला. अंगात काही नव्हतं गं. शाळा घराच्या जवळ होती, एवढंच.

आई: तुम्ही कधी बोलला नाहीत हे.

आत्या: कुणाला बोलू? आज अण्णांना सांगायला गेले तर ते मला ओळखत नाहीत. मुंगीला माझ्या नावानं हाक मारतात, ऐकलंस ना सकाळी? ती 'ओ' देते.

आई: ती पहिल्यांदा सांगायची, आजोबा मी मुंगी. आता नाही सांगत. म्हणते, उगाच घोळ होतो त्यांचा.

आत्या: माझ्या हॉस्पिटलच्या मागं वृद्धांसाठी एक केंद्र आहे. सकाळी सोडायचं, संध्याकाळी आणायचं. मी चौकशी करते म्हटलं होतं मागे.

आई: तुमच्या भावाजवळ मी एकदा विषय काढला.  म्हणाले, अण्णांना वाटेल टाकून दिलं. मी म्हटलं, त्यांना पाच मिनिटांत आठवणारही नाही. तर म्हणाले, मला आठवेल ना.

आत्या: त्याला मी बोलते.

आई: बोला. पण ताई, हे सगळं आपण दोघी बोलतोय. तिचं काय? तुम्ही म्हणता अडकलीय. ती हसती-खेळती आहे, जेवते नीट, तब्येत सुधारलीय. एकदाही शाळेत जायचं म्हणाली नाही. तिलाच विचारा. ती जायचं म्हणाली तर मी हा फॉर्म आत्ता फाडते. आणि नाही म्हणाली तर तुम्ही मुकाट्यानं सही करायची. घराबाहेरच्या, मुलीला ओळखणाऱ्या सज्ञान माणसाची सही लागते, आणि मला दुसरं कुणी नाही.

आत्या: मान्य. बोलाव तिला.

आई: मुंगे, जरा ये गं इकडे.

मुंगी: आले. काय? आजोबांना बाबांच्या डब्यातले स्क्रू दिलेत वेगळे करायला, लहान-मोठे. वीस मिनिटं आहेत माझ्याकडे.

आत्या: वीस मिनिटं पुष्कळ झाली. बस. तुझं वेळापत्रक लिहितेय मी. आवडतं तुला ते?

मुंगी: हो.

आत्या: काय आवडतं त्यातलं?

मुंगी: सगळं ठरलेलं असतं. मग काही चुकत नाही.

आत्या: आधीचं नव्हतं का बरं? चित्रांचा अख्खा दिवस?

मुंगी: ते लहानपणीचं होतं.

आई: अगं, फार तर सहा महिने झाले त्याला.

मुंगी: हो, पण तेव्हा मला कळायचं नाही.

आत्या: बरं. आता एक विचारते, खरं उत्तर द्यायचं. आईला काय वाटेल, मला काय वाटेल, काही बघायचं नाही. पुढच्या वर्षी तुला शाळेत जायचंय का?

मुंगी: नको.

आत्या: का?

मुंगी: तिथे सगळ्यांचं पुढे गेलं असेल. आणि मला एका जागी इतके तास बसायची सवय नाही राहिली. दोन तास झाले की मला उठावंसं वाटतं. आणि आजोबा सकाळी आईचं ऐकत नाहीत, माझंच ऐकतात. मी नसले तर कोण करेल? बाबा म्हणतात, मुंगी आहे म्हणून हे घर चालतं.

आई: बाबा गमतीनं म्हणतात ते.

मुंगी: नाही, खरंच म्हणतात. त्यांच्या मित्राला फोनवर पण सांगितलं. मी जाऊ? स्क्रू तोंडात घालतात कधीकधी.

आत्या: नको जाऊस. आजचा भाषेचा तास मी रद्द केला. हा एक तास तुझा. जा, खाली जाऊन खेळ.

मुंगी: आत्ता?

आत्या: आत्ता. ऊन पण नाही फार.

मुंगी: मग आजोबांजवळ?

आत्या: मी बसते. तुझ्या आजोबांची मी मुलगी आहे, आणि पगारसुद्धा याच कामाचा घेते.

मुंगी: बरं. उठवताना उजव्या बाजूनं धरायचं, डावा हात धरला की चिडतात. पाणी हिरव्या पेल्यातच द्यायचं, काचेचा पेला त्यांना दिसत नाही नीट. चष्मा शोधायला लागले तर तो डोळ्यांवरच असतो, पण तसं सांगायचं नाही, आपणही थोडा वेळ शोधायचा आणि मग म्हणायचं, हा काय सापडला. आणि त्यांनी तुला विचारलं की बाई तुम्ही कोण, तर वाईट वाटून घेऊ नकोस आत्या. मला पण विचारतात.

आत्या: नाही वाटून घेत.

मुंगी: रडले तर विषय बदलायचा. जाते मी. चेंडू कुठेय आई?

आई: कपाटाच्या वर. खूप दिवसांत काढला नाही, पुसून घे. आणि सावकाश उतर जिना.

आत्या: गेली.

आई: हो.

आत्या: मला ड्यूटी देऊन गेली ती. जशी आम्ही पाळी बदलताना देतो ना, पेशंट क्रमांक अमुक, याचं हे, त्याचं ते. शिकाऊ मुलींना हे असं सांगायला यायला वर्ष जातं. काही जणींना कधीच येत नाही.

आई: मला हे माहीत नव्हतं. काचेच्या पेल्याचं. हिरवा पेला का लागतो असं मी कितीदा ओरडलेय तिच्यावर, एकच पेला काय घासत बसतेस म्हणून.

आत्या: जाऊ दे.

आई: ताई, मी वाईट आई आहे का?

आत्या: हे मला विचारू नकोस. मी वाईट मुलगी आहे, माझं मत काय धरणार. बघ, स्क्रूचा डबा अजून खणखणतोय. शांत आहेत अण्णा.

आई: मी तिच्या वयाची असताना मला साधी वेणी घालता यायची नाही. आणि खरं सांगते, तुम्ही आज बोलेपर्यंत मला अभिमान वाटायचा. लॅबमध्ये सगळ्यांना सांगायचे, माझी मुलगी अमुक करते, तमुक करते. तिथल्या बायका म्हणायच्या, भाग्यवान आहेस. मी म्हणायची, हो. आता त्या बायकांना काय वाटत असेल आतून, कोण जाणे.

आत्या: त्यांना हेवाच वाटत असेल. त्यांच्याही घरी कुणी ना कुणी असेल अंथरुणावर.

आई: पण ती नको म्हणाली. ऐकलंत ना तुम्ही? मी पढवलं नव्हतं तिला. तुम्ही विचारलंत आणि तिनं तोंडावर नको सांगितलं.

आत्या: ऐकलं.

आई: मग आता आपण दोघींनी तिला जबरदस्तीनं शाळेत ढकलायचं का? ती घाबरेल. वर्गात मागे पडेल. आणि तिकडे बसून तिचा जीव इकडेच राहील. मी तिला ओळखते. त्यापेक्षा मी लॅबमध्ये विचारते, चार तासांचे तीन होतात का. दहाचं मी मध्येच धावत येऊन बघेन. बाराचं पण मी बघेन. विषय तिला हवे तसे करू. चित्रांचा एक दिवस परत ठेवू. हळूहळू बदलू ना, ताई. एकदम सगळं कशाला मोडायचं?

आत्या: हळूहळू म्हणतेस तेव्हाच मला भीती वाटते. हे सगळं आलं पण हळूहळूच.

आई: तुम्ही शब्द दिला होता.

आत्या: दिला होता. तिनं नको म्हटलं. दे ते पेन. ही चारची ओळ राहिलीय, ती लिहिते आणि खाली सही करते. नातं काय लिहू?

आई: आत्या.

आत्या: आत्या. आणि इथे काय छापलंय? 'सदर वेळापत्रक मुलीच्या गरजेनुसार आखलेले असल्याची मी खात्री केली आहे.' हे वाचलं होतंस तू?

आई: सगळ्याच फॉर्मवर असतं ते.

आत्या: असेल. खात्री करून सही, असं आम्हालाही लिहावं लागतं रोज. कितीदा तरी न बघता केलीय मी. आज मात्र हात उचलत नाहीये.

आई: करा ना ताई. उद्या शेवटची तारीख आहे.

(दारावरची बेल वाजते.)

आई: आत्ता कोण आलं? थांबा, बघते. अगं, तू? दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत. पडलीस की काय? लागलं का कुठे?

मुंगी: नाही.

आत्या: मग काय गं? तास दिला होता ना मी तुला? आजोबा छान आहेत, स्क्रू पण सगळे डब्यातच आहेत. जा परत.

मुंगी: गेले होते ना. मागच्या मोकळ्या जागेत पण जाऊन आले. खाली कुणीच नाहीये.

आई: कुणीच नाही? असं कसं?

मुंगी: अगं, सगळे शाळेत असतात ना या वेळेला. मी विसरलेच होते.